काळी दाढी आणि पावणेचार तास: अडीच फुटी टाकीच्या नोंदी

मासे आणि पाणझाडांची टाकी, ३० बाय १२ बाय १५ इंच. कागदावर ८८ लिटर. माती, वाळू, लाकूड वजा जाता पाणी ७५ लिटर. पुढचे सगळे डोस या ७५ वर काढलेत, तुमची टाकी वेगळी असेल तर गुणाकार तुम्ही करा. घर धायरीत, म्हणजे उन्हाळ्यात पाणी टँकरचं. काळी दाढी म्हणजे अशा टाकीत येणारं एक चिवट शेवाळ. नोंदी त्या त्या दिवशी वहीत लिहिलेल्या आहेत. चुका तशाच ठेवल्यात.

२१ जानेवारी २०२४, रविवार

टाकी भरली. खाली दीड इंच लाल माती आणि गांडूळखत, वर इंचभर बारीक वाळू, चाळून आठ पाण्यांनी धुतलेली. तीन भाग माती, एक भाग गांडूळखत असं ठरलं होतं, पण पिशवीत थोडं उरलं म्हणून तेही ओतलं. झाडं: व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, क्रिप्टोकोरिनी, आणि लाकडाला दोऱ्याने बांधलेले अनुबियास नि जावा मॉस. मागे अडकवायचा हँगिंग फिल्टर, तासाला ६०० लिटरचा.

दिवा म्हणून ५० वॉटचा एलईडी फ्लडलाइट, दुकानाच्या पाटीवर मारतात तोच, ६५०० केल्विन, ७५० रुपये. ॲक्वेरियमचा म्हणून जो दिवा मिळतो तो साडेचार हजारांना होता. पाण्याच्या वर सहा इंचांवर टांगला. नवरा म्हणाला, "मांडव घातल्यासारखं वाटतंय." मला आवडलं. सकाळी नऊ ते रात्री नऊ चालू ठेवायचं ठरवलं.

११ फेब्रुवारी, रविवार

काचेवर, वाळूवर, क्रिप्टोकोरिनीच्या पानांवर तपकिरी धूळ. बोट फिरवलं की निघते. डायटम, म्हणजे तपकिरी शेवाळ. नव्या टाकीत येतंच, काही आठवड्यांत जातंही. जुना टूथब्रश, दहा मिनिटं. यावर एक रुपया घालवू नका.

८ हार्लेक्विन रासबोरा, छोटे मासे, सोडले.

१८ फेब्रुवारी, रविवार

हायग्रोफिलाच्या खालच्या पानांना टाचणीने टोचावीत तशी भोकं, कडेने पिवळी. पोटॅश कमी पडतंय. झाडांसाठीचं बाटलीतलं द्रवखत ९०० रुपयांना. ते न घेता या बुधवारी ऑफिसमधून येताना एका कृषी सेवा केंद्रात शिरले होते.

"पाण्यात विरघळणारं खत हवंय."
"किती एकर, ताई?"
"अडीच फूट बाय एक फूट."
त्यांनी मान वर केली नाही. "एकोणीस-एकोणीस न्या. सगळ्याला चालतं."

१९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के. १ किलो, १६० रुपये. बुधवारी पाव चमचा टाकलं, साधारण १ ग्रॅम. आज पुन्हा पाव चमचा.

२५ फेब्रुवारी, रविवार

दोन रासबोरा मेले. पाणी हिरव्या मुगाच्या कढणासारखं, मागची काच दिसत नाही. अमोनियाच्या किटमध्ये नळी गर्द हिरवी झाली, २ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दोन भाग. शून्य हवं.

मग पाकिटाची मागची बाजू वाचली, जी आधी वाचायची होती. १९ टक्के नायट्रोजनपैकी नायट्रेट फक्त ४, अमोनियाच्या रूपात ४.५ आणि युरिया १०.५. युरियाचाही पाण्यात अमोनियाच होतो. उसाला ते चालतं, कारण उसात मासे नसतात. वर जास्तीचं गांडूळखत, वर बारा तास मांडवाचा उजेड. हिरवं पाणी व्हायला आणखी काय लागतं? दुकानदाराचा दोष नाही, त्यांनी शेतीचं उत्तर दिलं.

काल आणि आज मिळून दोनदा अर्धं-अर्धं पाणी बदललं. आता चार दिवस पूर्ण अंधार. सासूबाईंनी जुनी गोधडी दिली, चारी बाजूंनी गुंडाळून वर कपड्यांचे चिमटे लावले. फिल्टर चालू, शिवाय हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, कारण अंधारात झाडंही ऑक्सिजनच घेतात. खाणं बंद.

३ मार्च, रविवार

चारचे सहा दिवस झाले. मंगळवारी शेजारच्या काकू बघायला आल्या आणि सासूबाईंनी गोधडी पूर्ण काढून टाकी दाखवली. वर खिडकीतलं ऊन. मी संध्याकाळी आले तेव्हा दोघींचा चहा टाकीसमोर चालला होता. दिवस पहिल्यापासून मोजले.

आज गोधडी काढली. मागच्या काचेवरची कंपनीची चिकटपट्टी वाचता येते. व्हॅलिस्नेरिया फिकी पडली आहे, बाकी ठीक. अंधार संपल्या संपल्या अर्धं पाणी बदलायचं, विसरायचं नाही. मेलेलं शेवाळ कुजून पुन्हा अमोनियाच सोडतं.

आजपासून बदललेलं:

फ्लडलाइट सहा इंचांवरून चौदा इंचांवर. वेळ दुपारी ३ ते रात्री १०, म्हणजे सात तास, आणि टाकी पाहणारा माणूस घरी असतो अशा वेळी. ३२० रुपयांचा यांत्रिक टायमर घेतला. गोल तबकडी, काठाला पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्या, आत छोटी मोटर कुरकुरत असते.

खत: पुन्हा त्याच केंद्रात गेले, या वेळी नावं लिहून. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, यात अमोनिया नाही. १ ग्रॅम टाकलं की ७५ लिटरमध्ये नायट्रेट ८ पीपीएमने वाढतं. ००:५२:३४ हे फॉस्फेट. १० ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून ठेवायचं, त्यातले ५ मिली म्हणजे टाकीत साधारण १ पीपीएम. किलोची पाकिटं १८० आणि २८० रुपये. या वेगाने नातवंडांना पुरतील. चमच्याने मोजू नका, सोनाराचा खिशातला काटा ३५० रुपयांना मिळतो.

उरलेलं १९:१९:१९ गच्चीतल्या जास्वंदीला. जास्वंद खूश.

१० मार्च, रविवार

झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड वायू सुरू केला. सिलिंडर भरून आणायचा व्याप नको म्हणून दोन लिटरचं स्टीलचं जनरेटर, दाबाचं मीटर आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडमीट होणारी झडप, यांसह ४,६०० रुपये. आत २०० ग्रॅम लिंबूसत्त्व, २०० ग्रॅम खाण्याचा सोडा आणि पाणी. वाण्याकडे दोन्ही एकेक किलो मागितलं तर तो म्हणाला, "वहिनी, ढोकळ्याचा धंदा काढला का?"

सेकंदाला एक बुडबुडा. ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यात वायू किती ते रंगाने दाखवणारी कुपी, लावला: निळा म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे मासे धोक्यात. तो दीड-दोन तास उशिराने रंग दाखवतो, ही गोष्ट मला माहीत होती. पुढे तिचा काही उपयोग झाला नाही, पण माहीत होती.

वायू दुपारी २ ते रात्री ९, म्हणजे दिव्याच्या एक तास आधी सुरू आणि एक तास आधी बंद. त्यासाठी दुसरा तसाच टायमर. हॉलमध्ये इन्व्हर्टरचे दोनच पॉइंट आहेत. त्यात दिव्याचा टायमर आणि फिल्टर बसले. सोलेनॉइडचा टायमर टीव्हीमागच्या साध्या पॉइंटवर. वायू तासभर नसला तर काय बिघडतं, असा विचार केला.

२२ मार्च, शुक्रवार

बारा दिवसांत हायग्रोफिला पाण्याबाहेर डोकावतेय. दुपारच्या शेवटी पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे. १५ चेरी कोळंब्या सोडल्या. उद्या शिमग्याला गावी, १ एप्रिलला परत. काकू दोनदा चिमूटभर खाणं घालतील. चिमूट किती ती कागदाच्या पुडीत बांधून दिली.

७ एप्रिल, रविवार

फिल्टरच्या तोंडाशी आणि अनुबियासच्या जुन्या पानांच्या कडांना काळे ठिपके. आधी वाटलं माती. भिंग घेऊन पाहिलं तर प्रत्येक ठिपका म्हणजे केसांचा झुबका, एकेक केस जेमतेम तीन-चार मिलिमीटर, दाढी करायच्या ब्रशसारखे दाट उभे, प्रवाहात हलतात पण वाकत नाहीत. चिमट्याने ओढला तर पानाचा काठ फाटून आला, झुबका पानाला तसाच.

खात्री करायची सोपी रीत: एक पान कापून वाटीत नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये टाकलं. अर्ध्या तासात हिरवा अंश द्रवात उतरला आणि केस वाइनसारखे लालसर झाले. म्हणजे काळी दाढी. दिसायला काळी असली तरी ती लाल शेवाळांच्या कुळातली. हिरवं केसाळ शेवाळ असतं तर फिकं पडलं असतं. वाटी स्वयंपाकघरातली नको, हे सांगायला लागू नये. मला सांगितलं गेलं.

कापता येतील ती सात पानं कापली. वायू ठीक आहे, रोज रात्री ऑफिसमधून आल्यावर बघते, ड्रॉप चेकर छान हिरवा. मग कारण दुसरंच काहीतरी.

१४ एप्रिल, रविवार

हायड्रोजन पेरॉक्साइड. पद्धत अशी: फिल्टर बंद करायचा, पाणी स्थिर झालं की सुई काढलेल्या सिरिंजने थेट झुबक्यांवर हळूहळू सोडायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, फिल्टर सुरू. ७५ लिटरला एका वेळी जास्तीत जास्त २५ मिली, असं वाचून ठरवलं.

२५ मिलीचं माप ३ टक्के द्रावणाचं होतं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळते ती बाटली ६ टक्क्यांची असते, लेबलवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं. बाटली ३० रुपयांची, अक्षरं मुंगीएवढी. मी दुप्पट मारलं.

संध्याकाळपर्यंत १५ पैकी ९ कोळंब्या मेल्या. मॉस पांढरं पडलं. व्हॅलिस्नेरियाची टोकं काचेसारखी आरपार. रासबोरा वाचले. लगेच निम्मं पाणी बदललं. सासूबाई मेलेल्या कोळंब्या मोजत म्हणाल्या, "एवढ्यात एक वाटी कालवण झालं असतं." मी बोलले नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

मारलेले झुबके गुलाबी झालेत. हे खरंच छान दिसतं, आणि मेल्याची खूण हीच. उरलेल्या कोळंब्या ते खातायत.

२१ एप्रिल, रविवार

गुलाबी झालेले गेले. त्यांच्या शेजारी नवे काळे. आता हायग्रोफिलाच्या चांगल्या पानांवरही.

शेवाळ खाणारा मासा म्हणून सायामीज अल्गी ईटर मागितले. ८० रुपयांप्रमाणे ६, एकूण ४८०. घरी पाण्यात सोडल्यावर काचेला चिकटून बसले. हा मासा काचेला चिकटत नाही! पुन्हा नीट पाहिलं: तोंड खाली गोल वाटीसारखं, आणि अंगावरची काळी पट्टी शेपटीच्या मुळाशीच संपते. खऱ्या सायामीजची पट्टी शेपटीच्या खाचेपर्यंत जाते. हे चायनीज अल्गी ईटर. मोठे झाले की शेवाळ सोडून दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटतात. दुकानदार पैसे परत देईना, त्या किमतीची झाडं घ्या म्हणाला. घेतली. दुकानात जाताना शेपटीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि पिशवी बांधायच्या आधी बघा.

सासरे म्हणाले, ओढ्यातला मळ्या आणून सोडू, तो दगड चाटून साफ करतो. खरं आहे. गारा मुल्या, सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनचे मासे नोंदवताना त्याला इथलंच नाव दिलं. पण त्याला खळाळतं, गार पाणी लागतं. माझ्या टाकीत आज ३१ अंश. राहू दे बिचारा ओढ्यात.

२८ एप्रिल, रविवार

आता पाण्यावर संशय. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणला, २५० रुपये. नळाला येतं ते खडकवासल्याचं पाणी ८५. टँकरचं ६४०. शिवाय सोसायटीच्या टाकीत वॉचमन टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर अंदाजाने टाकतो, कधी वास येतो, कधी नाही. क्लोरीन मारणारे हायपोचे खडे नेहमीपेक्षा थोडे जास्त टाकते.

फॉस्फेटचं किट १,४५० रुपयांना घेतलं. टाकीत १ पीपीएम आलं, म्हणजे मी टाकते तेवढंच. चौदाशे पन्नास रुपये देऊन स्वतःचाच हिशेब तपासला.

फिल्टर उघडला, तीन महिन्यांत पहिल्यांदा. स्पंजमधून काळा गाळ, तोंडाशी व्हॅलिस्नेरियाच्या पानांचा बोळा. प्रवाह निम्म्यावर आला होता. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळला, नळाखाली नाही. हे काम दर महिन्याला करायला हवं होतं. दाढीचं कारण इथेच असेल अशी आशा आहे.

दर रविवारी ३५ लिटर पाणी बदलायचं म्हणजे दोन मोठ्या बादल्या, आणि टँकर दिवसाआड. सासूबाईंशी तह झाला: टाकीतून काढलेला एक थेंबही मोरीत जाणार नाही. सगळं गच्चीत कढीपत्ता, तुळस आणि जास्वंदीला. कढीपत्त्याची पानं आता एवढी काळीशार हिरवी झालीत की काकू फांद्या मागायला येतात.

५ मे, रविवार

फिल्टर साफ, तरी दाढी वाढतेच आहे. शिवाय नवी काळजी. रात्री साडेबाराला सासूबाई पाणी प्यायला उठल्या, त्यांनी मला हलवलं: "मासे वर येऊन तोंड उघडतायत गं." खरंच सगळे पृष्ठभागावर. पाणी ३१ अंश. उकाड्याने ऑक्सिजन कमी पडला असणार, वायूही जास्त होत असेल. हवेचा दगड लावला. सकाळी सगळे ठणठणीत. बुडबुडे मिनिटाला साठवरून चाळीसवर आणले.

द्रव कार्बन म्हणून मिळतं ते ग्लुटारल्डिहाइड मारावं का? नाही. व्हॅलिस्नेरिया त्याने वितळते, आणि ज्या खोलीत सासूबाई दुपारी झोपतात तिथे ते झाकण उघडायचं माझ्या मनात नाही.

नवरा विचारतो टाकी मोडायची का. मी उत्तर दिलं नाही म्हणजे मीही तोच विचार करत होते.

१३ मे, सोमवार

पुण्यात मतदान, ऑफिसला सुट्टी. दुपारी पडले होते. सव्वाचारला उठून टाकीसमोर चहा घेत बसले. किती दिवसांनी टाकी दुपारची पाहतेय असं मनात आलं, आणि ड्रॉप चेकरकडे लक्ष गेलं.

निळा. नुसता निळा नाही, रॉबिन निळीच्या पाण्यासारखा निळा.

दिवा सव्वा तास चालू. वायू सव्वादोन तास चालू असायला हवा. बुडबुडे मोजायच्या नळीत एकही बुडबुडा नाही. लिंबूसत्त्व संपलं वाटून मीटर पाहिलं, दाब भरपूर. सोलेनॉइडला हात लावला. चालू असताना तो कोमट लागतो. हा गार.

टीव्ही पुढे ओढून मागे हात घातला, टायमर काढला. तबकडीचा बाण साडेबारावर. भिंतीवरचं घड्याळ सव्वाचार.

दोन मिनिटं जमिनीवर तशीच बसून राहिले.

यांत्रिक टायमर विजेवर फिरतो. लाईट गेली की तबकडी थांबते, आली की जिथे थांबली तिथून पुढे. दिव्याचा टायमर इन्व्हर्टरवर, तो कधी थांबलाच नाही. वायूचा साध्या पॉइंटवर. कधी गुरुवारी देखभालीसाठी, कधी वळवाच्या पावसात, वीस मिनिटं, पाऊण तास, एकदा दीड तास. नवऱ्याने फोनमधले वीज बंद राहण्याचे मेसेज काढून बेरीज केली, ती दोन तास चाळीस मिनिटं भरली. उरलेला एक तास पाच मिनिटं न सांगता गेलेल्या लाइटचा. एकूण पावणेचार तास.

आता सगळं उलगडतं. वायू दोनऐवजी पावणेसहाला सुरू व्हायचा. दिवा तीनला. म्हणजे रोज पावणेतीन तास झाडांना भरपूर उजेड आणि वायू जवळपास नाही, मग अचानक वायू. झाडं रोज अडखळणार आणि दाढी रोज जेवणार. मी ऑफिसमधून येऊन नऊला बघायचे तेव्हा वायू तीन तास सुरू असायचा, चेकर हिरवा. वायू बंद व्हायचा रात्री पाऊण वाजता, म्हणजे दिवा गेल्यावर पावणेतीन तास अंधारात वायू. मासे साडेबाराला वर आले ते याने. आणि त्यावर मी बुडबुडे कमी करून दुपार आणखी कोरडी केली.

पेरॉक्साइड ६०, मासे ४८०, टीडीएस मीटर २५०, फॉस्फेट किट १,४५०. दाढीवर एकूण २,२४० रुपये, नऊ कोळंब्या आणि सहा रविवार. टीव्हीमागे हात घालायला काही पडत नव्हतं.

दुरुस्ती: इन्व्हर्टरच्या पॉइंटवर २२० रुपयांचा एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर दिवा, वायू, फिल्टर तिन्ही. टायमर घड्याळाशी मिळवले. बुडबुडे पुन्हा साठ, पण एकदम नाही, तीन दिवसांत.

१९ मे, रविवार

आता पेरॉक्साइड पुन्हा, नीट. ६ टक्क्यांची बाटली, तेवढंच पाणी घालून ३ टक्के केली. एका वेळी १० मिली, फक्त लाकूड आणि फिल्टरचं तोंड, दोन दिवसांआड तीनदा. उरलेल्या सहा कोळंब्या आधी बादलीत काढल्या. अनुबियासची दाढी आलेली पानं मात्र कापूनच टाकली. अनुबियास महिन्याला एखादं पान काढतो, त्यामुळे जीव तुटतो, पण जुनं पान पुन्हा स्वच्छ होत नाही.

दिवा सातऐवजी सहा तास.

एक गुरुवार सुट्टी टाकून दुपार टाकीसमोर काढली. ३ वाजता चेकर हिरवट, ४ ला हिरवा, ९ लाही हिरवा.

२ जून, रविवार

हायग्रोफिलाची नवी आठ पानं, आठही साफ. मला यश यावरून कळतं: जुनी दाढी किती गेली त्यावरून नाही, नव्या पानावर आली की नाही यावरून. लाकडावरचे झुबके गुलाबी होऊन गेले. फिल्टरच्या तोंडाशी दोन राहिलेत, वाढत नाहीत.

२३ जून, रविवार

डाव्या कोपऱ्यात वाळू आणि काचेच्या मधे निळसर हिरवा पापुद्रा, सायीसारखा सरकतो, तळ्याचा कुजट वास. हे शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. नळीने ओढून घेतला, फिल्टरचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवलं, तिथे पाणी मेल्यासारखं उभं होतं. नायट्रेटही ५ च्या खाली आलं होतं, १३:००:४५ थोडं वाढवलं. प्रतिजैविकं टाकायची गरज पडली नाही.

१० चेरी कोळंब्या पुन्हा आणल्या.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर कोसळला. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. तिथे राहणारी ऑफिसमधली मैत्रीण मुलीला घेऊन सकाळी आमच्याकडे आली. आमच्याकडे फक्त लाईट गेली, पहाटे तीनला. इन्व्हर्टर आठपर्यंत टिकला, मग तोही बसला. फिल्टर बंद, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप लावला. मैत्रिणीची मुलगी दिवसभर टाकीसमोर बसून कोळंब्या मोजत होती. तिच्या मते सतरा आहेत. बरोबर असेल तर एक जास्त आहे.

लाईट बाराला आली. दोन्ही टायमर काढून पाहिले. दोन्ही चार तास मागे, दोन्हींचा बाण आठवर. तसेच परत लावले. मुलगी झोपल्यावर रात्री मिळवीन.